पावणेसात तासांची स्क्रिप्ट

तक्रार निवारण कार्यालयात सकाळी दहाला स्क्रिप्ट सुरू व्हायची आणि पावणेपाचला संपायची. फोनवर टिपून घेतलेल्या, खिडकीवर दिलेल्या, वेबसाइटवर लिहिलेल्या शहरभरातल्या आदल्या दिवशीच्या सगळ्या तक्रारी एका लांबलचक फाइलमध्ये ओळीने पडलेल्या असत. स्क्रिप्ट ती फाइल वाचायची. 'नळ' दिसला की पाणी विभाग, 'खड्डा' दिसला की रस्ते विभाग, 'दिवा' दिसला की पथदिवे विभाग, अशी वाटणी करून ती प्रत्येक विभागाची यादी छापायची आणि यादी त्या त्या विभागाला जायची. काम एवढंच. पण या कामाच्या आधाराने अख्खं कार्यालय वेलीसारखं वर चढलं होतं.

भिंतीवर एक पडदा होता आणि त्यावर किती टक्के काम झालं ते दिसत असे. खिडकीवर कुणी चौकशीला आलं की आवक-जावकच्या बाई मान न वळवता सांगायच्या, "एकतीस टक्के झालंय. चारनंतर या." चारनंतर तो माणूस परत आला तर, "ब्याण्णव टक्के. आता उद्याच या." पन्नास टक्क्यांना जेवणाची सुट्टी व्हायची. साठ ते पंच्याहत्तरच्या दरम्यान बाईंची स्वेटरची एक बाही विणून व्हायची आणि साहेब केबिनचं दार लावून धोरणात्मक विचार करायचे. त्या विचाराचा आवाज बाहेरपर्यंत यायचा.

तिथे नवीन प्रोग्रामर म्हणून जी रुजू झाली, तिला घरी सगळे सूनबाई म्हणत. आपणही तेच म्हणू, कारण ती पावणेसात तासांची स्क्रिप्ट तिच्या सासऱ्यांनी लिहिलेली होती.

सासरे त्याच कार्यालयातून संगणक शाखेचे प्रमुख म्हणून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. निरोपसमारंभात लोकांना शाल, घड्याळ वगैरे मिळतं. यांना स्क्रिप्टचं पहिलं पान काचेच्या चौकटीत घालून मिळालं. ती चौकट घरी बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर होती. लग्न होऊन आल्यापासून सूनबाई दर रविवारी ती पुसत आली होती, पण वाचली कधीच नव्हती. पुसताना कोण वाचतं?

नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात तिने ती ऑफिसात वाचली आणि तिचा हात कपाळाकडे गेला.

असं समजा की तुम्हाला एका पत्रातले शब्द कोशात शोधायचेत. तुम्ही उठता, कपाट उघडता, कोश काढता, पहिल्या पानापासून वाचत वाचत हव्या त्या शब्दापर्यंत येता, कोश परत ठेवता, कपाटाला कुलूप लावता आणि खुर्चीवर येऊन बसता. मग पुढच्या ओळीसाठी पुन्हा उठता. स्क्रिप्ट हेच करत होती. दिवसाला सत्तर हजार ओळी, आणि प्रत्येक ओळीसाठी शब्दयादीची फाइल नव्याने उघडून, नऊ हजार शब्द वरून खाली वाचून, फाइल बंद. वर आणखी एक गंमत होती. प्रत्येक उत्तर आधीच्या सगळ्या उत्तरांच्या शेपटीला चिकटवायचं आणि त्यासाठी ती सगळी शेपटी दर वेळी पहिल्यापासून नक्कल करून घ्यायची. दुपारपर्यंत ती शेपटी इतकी लांब व्हायची की यंत्राला दमच लागायचा.

सूनबाईने अठरा ओळी बदलल्या. शब्दयादी सुरुवातीला एकदाच वाचायची आणि शब्द विचारला की त्याचा विभाग थेट हाती येईल अशी स्मृतीत मांडून ठेवायची. उत्तरं वेगवेगळी गोळा करायची आणि शेवटी एकदाच जोडायची. यात शोध लावल्यासारखं काही नव्हतं. कुठल्याही प्राथमिक पुस्तकात असतं ते.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तिने ती सुरू केली.

"बंद पडलं का?" साहेब केबिनमधून धावतच आले. पडद्यावर शंभर टक्के दिसत होते आणि घड्याळात दहा वाजून एक मिनिट.

"नाही सर, संपलं."

"संपलं म्हणजे? काय संपलं?"

"काम."

साहेबांनी हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखा चेहरा केला. आवक-जावकच्या बाईंनी सुया खाली ठेवल्या.

"किती वेळ लागला?"

"बावीस सेकंद."

"शक्य नाही. काहीतरी वगळलं असणार तुम्ही." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि नसेल वगळलं, तर जास्त वाईट. बारा वर्षं तुम्ही काय करत होतात, असं उद्या कुणीतरी विचारेल."

"कोण विचारेल सर?"

"विचारतात हो. माणसं रिकामी असतात."

त्या दिवशी खिडकीवर आलेल्या पहिल्या माणसाला बाई सवयीने म्हणाल्या, "चारनंतर या." त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "बाई, तिथे शंभर लिहिलंय." बारा वर्षांत पहिल्यांदाच बाईंना त्या माणसाची तक्रार काय आहे ते विचारावं लागलं.

संध्याकाळी सूनबाईने घरी सांगितलं. सांगणं भाग होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कुणीतरी फोन करून सांगितलंच असतं.

बाबा, म्हणजे सासरे, चहाचा कप हातात धरून चौकटीकडे बघत राहिले. "मी लिहिली तेव्हा यादीत दोनशे शब्द होते," ते म्हणाले. "दोनशे! चार मिनिटांत व्हायचं काम. नंतर लोकांनी दिवा, दिवे, दिव्याचा, दिव्याखाली असं एकेक घुसडत नऊ हजार केले, त्याला मी काय करू?"

"तुमची चूक असं मी म्हटलंच नाही, बाबा."

"अठरा ओळी बदलल्यास म्हणालीस. त्यातल्या या पानावरच्या किती?"

सूनबाईने खरं तेच सांगितलं. "अकरा."

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी घसा साफ केला आणि पेपरामागून म्हणाले, "तुझ्या त्या अठरा ओळी जरा बघायला मिळतील का? काही नाही, सहज."

ते सहज तीन आठवडे चाललं. बाबांनी घरच्या जुन्या संगणकावर खोट्या तक्रारींची सत्तर हजार ओळींची फाइल बनवली आणि सुनेच्या बावीस सेकंदांच्या मागे हात धुऊन लागले. एका बुधवारी ते अंघोळ अर्धी टाकून ओरडत बाहेर आले. "सतरा! सतरावर आणलं!" सूनबाईने त्यांचा बदल पाहिला, मनापासून वाहवा केली आणि रविवारी स्वतः सोळावर आणलं. जेवताना दोघं असं बोलत बसायची की सूनबाईचा नवरा पानातलं संपवून मुकाट्याने उठून जाई. बाबा चौदावर पोचले तेव्हा सासूबाईंनी हिशेब मांडला.

"आठ सेकंद वाचवायला तीन आठवडे घातलेत. आता त्या आठ सेकंदांचं काय करणार आहात? बरणीत भरून ठेवणार आहात का?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"नाहीच कळत. मला एवढंच कळतं की बाथरूमची कडी दोन वर्षं मोडलेली आहे."

तिकडे ऑफिसात तपासणी समिती नेमली गेली होती. समितीत साहेब, आवक-जावकच्या बाई आणि कायदा सल्लागार होते. ठरलं असं की महिनाभर नवी आणि जुनी स्क्रिप्ट दोन्ही चालवायच्या, दोन्ही याद्या ओळ न ओळ जुळवायच्या, आणि जुळेपर्यंत विभागांना जुनीच यादी द्यायची. म्हणजे बावीस सेकंदांनंतर पुन्हा पावणेसात तास. पडद्यावर टक्के परत आले. बाईंनी सुया उचलल्या. सगळ्यांना हायसं वाटलं.

पण याद्या जुळल्या नाहीत. रोज दोन-पाच तक्रारी वेगळ्या निघायला लागल्या.

"बघा!" साहेब म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी?"

सूनबाईने फरक तपासले आणि खालचा ओठ दातांत धरून बसली. जुनी स्क्रिप्ट अख्खा शब्द पाहत नव्हती, अक्षरं पाहत होती. 'झाडूवाला आठ दिवस फिरकला नाही' या ओळीत तिला 'झाड' दिसे आणि तक्रार उद्यान विभागाकडे जाई. आणि 'दिवाणखान्याचं छत गळतंय' या ओळीत तिला 'दिवा' दिसे. शहराच्या मालकीची जी भाड्याची घरं होती, तिथल्या लोकांच्या गळक्या छतांच्या तक्रारी बारा वर्षं पथदिवे विभागाकडे जात होत्या. त्या विभागाची उत्तरंही नोंदवलेली होती. प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य: 'पाहणी केली. दिवा चालू आहे.'

"मग बरोबर कोण, जुनी की नवी?" कायदा सल्लागारांनी विचारलं. ठरेना, तेव्हा साहेब म्हणाले, "मूळ लेखकालाच बोलवू. घरचंच माणूस आहे."

बाबांनी त्या दिवशी शर्टाला दोनदा इस्त्री केली. जुन्या खुर्चीवर बसून त्यांनी समितीसमोर दोन्ही याद्या पाहिल्या. दिवाणखान्यापाशी त्यांचं बोट थांबलं. सूनबाईला वाटलं, आता ते काहीतरी कारण काढतील. नऊ हजार शब्दांवर ढकलतील.

"सूनबाईचं बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. शब्दाच्या कडा तपासायला हव्या होत्या. पहिल्या दिवसापासून चूक आहे."

मग साहेब हसले. "सर, हा तुमचा मोठेपणा झाला. सुनेसाठी कमीपणा घेताय."

"मोठेपणा कसला? चूक आहे!"

"कशी असेल, सर? बारा वर्षं चाललंय. एक दिवस चाललं तर चूक म्हणू. बारा वर्षं चाललं की ती पद्धत होते."

कायदा सल्लागारांनी मान डोलावली. आजवर दिलेली सगळी उत्तरं चुकीच्या विभागाने दिली असं एकदा लेखी मान्य केलं की काय काय होऊ शकतं, याची त्यांनी जी यादी सांगितली ती पावणेसात तासांच्या यादीइतकीच लांब होती. बाबा तीन वेळा म्हणाले, "अहो, मी स्वतः सांगतोय." तिन्ही वेळा समितीने त्यांच्या विनयाचं कौतुक केलं आणि चौथ्या वेळी चहा मागवला.

निर्णय झाला. नवी स्क्रिप्ट वापरावी, कारण वेग हे प्रगतीचं लक्षण आहे. मात्र निकाल जुनेच यावेत, कारण सातत्य हे विश्वासाचं लक्षण आहे. प्रोग्रामरने आवश्यक ती सुधारणा करावी. म्हणजे सूनबाईने चूक परत घालायची होती. फक्त या वेळी झपाट्याने चुकेल अशी.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. "बारा वर्षं," एवढंच म्हणत राहिले. "लोक घरात गळतंय म्हणून सांगतायत आणि आपण त्यांना दिवा चालू आहे म्हणून कळवतोय."

सूनबाईने पुढच्या दोन दिवसांत बारा वर्षांच्या सगळ्या जुन्या फायली नव्या स्क्रिप्टमधून काढल्या. जुनीला त्यासाठी तीन वर्षं लागली असती. दिवाणखान्याच्या तक्रारी निघाल्या एक हजार नऊशे बारा. बाबांनी यादी हातात घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी माफी मागून येतो."

"एक हजार नऊशे बारा घरांत?"

"जेवढ्या जमतील तेवढ्या."

रविवारी सूनबाई त्यांच्याबरोबर गेली. पहिलं घर एका शिंपीणबाईंचं होतं. बाबांनी दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं: स्क्रिप्ट, दिवा, दिवाणखाना, चूक. बाईंनी तोंडातली टाचणी काढली.

"गळत होतं ना. पण तो शिडीवाला आला की दुसऱ्या दिवशी."

"कोण शिडीवाला?"

"दिव्यांचा. वर चढला, डांबर लावलं, गेला. चार वर्षं झाली, थेंब नाही."

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरातल्या निवृत्त शिक्षकांनी तर शिडीवाल्याची इतकी स्तुती केली की बाबांना माफी मागायला फट सापडेना. चौथ्या दाराबाहेरच त्यांना तो भेटला. पथदिवे विभागाचा वायरमन होता, पन्नाशीचा, उंच, खांद्यावर शिडी आणि हातात डांबराचा डबा. रविवार असूनही कामावर.

"मला यादीत पत्ता येतो," तो म्हणाला. "पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवा शोधत होतो. बाई म्हणाल्या, दिव्याचं मरू दे, वर बघा. वर बघितलं तर छताला चीर. आता शिडी तर होतीच माझ्याकडे. डांबर खांबाच्या बुडाला लावायला असतंच. म्हटलं, आलोच आहे तर."

"मग 'दिवा चालू आहे' असं का लिहिता?" सूनबाईने विचारलं.

"फॉर्मवर दोनच चौकोन आहेत हो. दिवा चालू, दिवा बंद. छत बरं झालं असा चौकोनच नाही." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. "एकच अडचण आहे बघा. यादी पावणेपाचला हातात येते. तिथे पोचेपर्यंत अंधार पडायला आलेला असतो. छतावर जायला दुसरा दिवस उजाडतो, तोपर्यंत लोकांचं सामान भिजतं. तुमच्या ऑफिसात कुणाला सांगून ती यादी जरा सकाळी मिळाली तर बघा ना."

सासरा-सुनेने एकमेकांकडे पाहिलं.

परतताना त्यांनी आणखी एक घर पाहिलं. हे यादीत नव्हतं. शेजारच्यांनी बोट दाखवलं म्हणून गेले. आत एक म्हातारे घड्याळजी कामाला बसले होते आणि त्यांच्या टेबलाशेजारी बादली होती. छतातून तिच्यात थेंब पडत होता.

"पाच वर्षं तक्रार करतोय," घड्याळजी म्हणाले.

सूनबाईने मोबाइलवर जुनी नोंद काढली. त्यांनी लिहिलं होतं, 'खोलीचं छत गळतंय.' खोली. त्यामुळे जुन्या स्क्रिप्टलाही 'छत' हाच शब्द लागला होता आणि तक्रार अगदी बरोबर, जिथे जायला हवी तिथेच, इमारत दुरुस्ती विभागाकडे गेली होती. त्या विभागाचं उत्तर होतं: 'प्रकरण विचाराधीन.' अशी चौदा उत्तरं.

बाबा खुर्ची ओढून घड्याळजींसमोर बसले. "एक सांगू का? पुढच्या वेळी तक्रारीत 'दिवाणखाना' लिहा."

"अहो, माझं एकाच खोलीचं घर आहे."

"तरी लिहा."

"तिथेच झोपतो मी. चूलही तिथेच."

"असू द्या. दिवाणखानाच लिहा. आणि आजच लिहा."

सोमवारी सूनबाईने साहेबांच्या आदेशाप्रमाणे स्क्रिप्ट बदलली. काही आठवड्यांपूर्वी हे करताना तिचा हात आखडला असता. आता तिने चार ओळी घातल्या, नीट तपासल्या, दिवाणखाना दिव्यांकडेच जातो आहे याची तीनदा खात्री केली. झाडूवाल्याचं मात्र तिने गुपचूप नीट केलं, कारण उद्यान विभागाकडे झाडू असल्याचं कुणीही सांगितलं नव्हतं. दहा वाजून एक मिनिटाला पथदिव्यांची यादी छापून निघाली, तीत घड्याळजींची रविवारची नवी तक्रारही होती, आणि साडेदहाला वायरमन शिडी घेऊन बाहेर पडला. दुपारी दोनला घड्याळजींची बादली रिकामी करून उपडी ठेवली गेली.

साहेबांचा वरच्या कार्यालयात सत्कार झाला. भाषणात त्यांनी 'माझ्या कार्यकाळात वेग अकराशेपट झाला' असं सांगितलं आणि बावीस सेकंदांचे दहा करण्यासाठी नवीन मोठ्या यंत्राची मागणी केली. ती ताबडतोब मान्य झाली. बाबांचे चौदा सेकंद मागायला कुणी आलं नाही. आवक-जावकच्या बाईंचा टक्क्यांचा पडदा उतरवला गेला. पहिले काही दिवस त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं, पण लोकांचं म्हणणं ऐकायची एकदा सवय लागल्यावर त्यांचंही मन त्यात रमलं. तक्रारी अर्ध्याच ऐकून त्या मधेच सांगायच्या, "थांबा, तुम्ही चुकीचं लिहिताय. नवा कागद घ्या, मी सांगते ते लिहा." घड्याळजींनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी मागच्या गल्लीत. वर्षअखेरीच्या अहवालात साहेबांच्या सहीने एक वाक्य छापून आलं की शहरातल्या भाड्याच्या घरांमध्ये दिवाणखान्यांची संख्या वर्षभरात तिप्पट झाली असून हे राहणीमान उंचावल्याचं द्योतक आहे.

एवढे दिवाणखाने एकट्या वायरमनला झेपेनात. त्याने दुसऱ्या शिडीसाठी अर्ज केला. अर्ज विचाराधीन आहे. तोवर बाबा दर गुरुवारी सकाळी जुने कपडे घालून त्याच्याबरोबर जातात आणि शिडी खालून धरून उभे राहतात. सासूबाईंनी सुरुवातीला या वयात हे काय म्हणून खूप आदळआपट केली. हल्ली त्या फक्त जाताना बजावतात की वर चढायचं नाही, आणि दुपारी तो वायरमन जेवायला येणार असेल तर आधी कळवायचं. मागच्या गुरुवारी तो आला होता. जेवण झाल्यावर त्याने कुणी न सांगता बाथरूमची कडी बसवून दिली, आणि बाबा ऑफिसातल्या सुनेला फोनवर तेरा सेकंदांची गोष्ट सांगत बसले होते.